पूर येऊन गेला तरी मार्चमध्ये विहीर आटली: एका गावाच्या भूजलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातलं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं. नाव देत नाही, कारण या प्रकरणात शेजाऱ्याशेजाऱ्यांतली भांडणंही आहेत. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत आणि मापं गोल केली आहेत. वस्ती दीड हजाराच्या आसपास. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या घरात, त्यातला बराचसा सप्टेंबरात पडणारा. उत्तरेला डोंगराची सोंड, सोंडेच्या पायथ्याला गायरान, त्याखाली उतरतं रान, रानातून वाहणारा ओढा आणि ओढ्याकाठी पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर. ही विहीर १९७२ च्या दुष्काळी कामात खोदलेली, ३८ फूट खोल. तिच्या आसपास खासगी शेतविहिरी आहेत. पावसाळ्यात बाजरी, रब्बीला ज्वारी, वाटाणा आणि कांदा, शिवाय कुठे कुठे अंजीर-सीताफळाच्या बागा.

भूशास्त्र शिकलो असल्यामुळे मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातल्या काही चुका माझ्याही आहेत.

अडचण

२०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सार्वजनिक विहिरीचा तळ दिसला आणि गावात टँकर सुरू झाला. पाऊसच नव्हता, विहीर आटणारच, असं सगळे म्हणाले. त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

नवल पुढच्या वर्षी वाटलं. २०१९ च्या सप्टेंबरअखेर कऱ्हेला मोठा पूर आला. आमच्या ओढ्यानेही काठ सोडला, विहिरी तोंडापर्यंत भरल्या, ओढ्याच्या दरडीतून पाझर फुटले. दोन-तीन वर्षांची ददात मिटली असं लोक बोलू लागले. आणि मार्च २०२० संपता संपता तीच विहीर पुन्हा तळाला गेली. नेमकी तेव्हाच टाळेबंदी लागली, पुण्या-मुंबईची पोरं घरी परतली, घराघरांत माणसं वाढली आणि टँकर मिळवणंही जड होऊन बसलं.

दुष्काळाच्या सालापेक्षा पुराच्या सालात विहीर जेमतेम महिना-सव्वा महिना जास्त टिकली होती. एवढं पाणी गेलं कुठे, हा प्रश्न त्या वेळी कुणी धड विचारला नव्हता.

जमिनीखाली काय आहे

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा एकामागून एक थरांनी पसरला आणि थिजला. चिरोट्याच्या पदरांसारखे हे थर एकावर एक बसले आहेत, आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा आहे. थराचा खालचा-मधला भाग घट्ट असतो, त्याला आपल्याकडे काळा फत्तर म्हणतात. त्यात भेगा असल्या तर पाणी, नसल्या तर कोरडा ठणठणीत. थराच्या वरच्या अंगाला लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. तो भाग झिजला, कुजला की विहीर फोडणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. टिकाव मारला की ढासळतो, आणि पाणी बहुधा यातच असतं. दोन थरांच्या मधे कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही.

जळगावकडे तापीच्या गाळात केळीच्या बागांखाली वाळू-रेतीचे जाड थर आहेत. तिथे पाण्याला रांजणासारखी जागा मिळते. आमच्याकडे जागा फार थोडी. बेसॉल्टमध्ये शंभर भाग खडकातून साधारण एक ते तीन भाग पाणीच उपसून हाती येतं. मांजऱ्या म्हटला तरी हिशेबाला दीड-दोन भाग धरावेत, त्याहून जास्त नाहीत.

सार्वजनिक विहिरीच्या कडेला उतरून पाहिलं तर वरून आठेक फूट माती, मग अठरा फुटांपर्यंत मुरूम, तिथून पस्तीस फुटांपर्यंत मांजऱ्या आणि तळाला काळा फत्तर. विहिरी फोडण्यात उभी हयात गेलेले गावातले एक आजोबा हे सगळं आम्ही मोजायच्या आधीच तोंडपाठ सांगत होते. आसपासच्या कुठल्या विहिरीला मांजऱ्या किती फुटांवर लागला तेही त्यांना आठवत होतं. त्यांनी सांगितलेल्या खोल्या कागदावर मांडल्या, तेव्हा दिसलं की ओढ्याकाठच्या अकरा विहिरी आणि सार्वजनिक विहीर एकाच मांजऱ्याच्या थरातून पाणी ओढतात. बारा घागरी, पण रांजण एकच. भूजलवाले अशा पाणी धरणाऱ्या थराला जलधर म्हणतात.

हा थर सुमारे शंभर हेक्टरांखाली पसरलेला आणि पाच मीटर जाड. शंभरात दीड भाग पाणी धरलं तर पूर्ण भरलेल्या थरातलं उपसता येणारं पाणी होतं ७५ हजार घनमीटर, म्हणजे साडेसात कोटी लिटर. वरवर पाहता खूप वाटतं. त्याच क्षेत्रावर पडणारा ५०० मिलिमीटर पाऊस मात्र ५ लाख घनमीटर भरतो. त्यातला आठवा-दहावा हिस्सा मुरला आणि बंधाऱ्यांतून थोडं आणखी झिरपलं, तरी साध्या पावसाच्या वर्षीसुद्धा थर भरत येतो. पुराच्या वर्षी तो आधीच भरतो, आणि वरचं पाणी दरडीतून पाझरून ओढ्याला लागतं. पुरात आम्ही आनंदाने पाहिलेले ते पाझर म्हणजे भरलेल्या रांजणाच्या काठावरून सांडणारं पाणी होतं.

पुराचं पाणी शिल्लक का राहिलं नाही याचं उत्तर एवढंच आहे. ठेवायला जागाच नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बोअरचा, आणि तो चर्चेविना आधीच वापरून झाला होता. एप्रिल २०१९ मध्ये, टँकर चालू असताना, ग्रामपंचायतीने सार्वजनिक विहिरीपासून चाळीस फुटांवर ३०० फुटांचं बोअर घेतलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं, गुलाल उधळला गेला. महिनाभर चांगलं चाललं, मग धार बारीक होत गेली. त्याचा आणखी एक परिणाम पुढे कळला, तो पुढे येईलच.

दुसरा पर्याय ओढ्याचं खोलीकरण आणि रुंदीकरण. यंत्र मिळत होतं, डिझेलला लोकवर्गणी जमत होती, आणि दिसणारं काम म्हणून उत्साह होता. सुरुवातीला मीही याच बाजूने बोललो. मग ओढ्याच्या तळाचा खडक बघत चालत गेलो. वरच्या अंगाला तळ काळ्या फत्तराचा निघाला. तिथे खोदलं तर पाणी नुसतं साचून उन्हाने उडून जाणार. खालच्या अंगाला दोन मीटर खाली मांजऱ्या होता. तिथे खोदणं तर घातकच, कारण थराची बाजू उघडी पडून साठलेलं पाणी लवकर ओढ्यात निघून जाणार. खोलीकरणाला सरसकट विरोध नाही. या ओढ्याला ते चालणार नव्हतं.

तिसरा पर्याय आणखी एक पाझर तलाव. त्यावर बराच वाद झाला, कारण तलाव कुणाच्या जमिनीत हा प्रश्न होता. हिशेब मांडल्यावर वादातला जोर गेला. थर बहुतेक वर्षी भरतोच, तर आणखी झिरपवून ते पाणी जाणार कुठे?

चौथा पर्याय कायद्याचा. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती ५०० मीटरांत नवी विहीर नको, हा नियम १९९३ च्या कायद्यापासून गावोगावी लोकांना ऐकून माहीत आहे. पुढे आलेल्या २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. पण या अकरा विहिरी जुन्या होत्या आणि मांजऱ्यापर्यंतच खोल. तक्रार करून फार तर कागद हलले असते, आणि गावात दोन तट पडले असते.

पाचवा पर्याय सगळ्यात अवघड आणि कुणालाच नको असलेला: उपसा कमी करायचा, आणि तोही ठरावीक काळात.

निर्णयाचं वळण: रात्रीची लाइट

पाचव्या पर्यायाकडे गाव वळलं ते माझ्या आकड्यांमुळे नाही. जून २०२० पासून आम्ही दर पौर्णिमेला बारा विहिरींची पातळी मोजत होतो. पौर्णिमा ठरवली ती विसरू नये म्हणून. फूटपट्टीच्या टेपला पत्र्याचा डबा बांधायचा आणि पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकायचा. आकडे वहीत चढत होते, पण सभेत कुणाला पटत नव्हते. माझ्या विहिरीचा आणि गावच्या विहिरीचा काय संबंध, असं जो तो म्हणे.

हिवाळ्यात विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका काकूंनी सहज सांगितलं की शेतीची लाइट रात्री असते त्या दिवसांत पहाटे विहिरीत पाणी चढलेलं नसतं. लाइट दिवसा असली की रात्रीत तीन पायऱ्या पाणी चढतं, नाहीतर जेमतेम एक. आपल्याकडे शेतीला थ्री-फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते, ते सगळ्यांना ठाऊकच. मोटारी रात्री चालल्या की सार्वजनिक विहिरीला रात्रभराचा विसावा मिळत नव्हता. बारा विहिरींचं पाणी एक आहे याचा याहून सरळ पुरावा मला कुठल्याही यंत्राने दिला नसता. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा महिनाभर रोज पहाटे पायऱ्या मोजल्या. वेळापत्रक तंतोतंत जुळलं.

मग कांद्याचा हिशेब निघाला. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कांदा किलोला शंभरीपार गेला होता. त्या भावाला भुलून उन्हाळी कांद्याची लागवड वाढली होती, आणि पुराने भरलेल्या विहिरी बघून कुणी हात आखडला नव्हता. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उन्हाळी कांद्याला साडेसहा हजार घनमीटर पाणी धरलं, तर साडेअकरा हेक्टर कांदा अख्खा थर रिकामा करतो. तेवढा कांदा त्या अकरा विहिरींवर सहज होता. दुसऱ्या बाजूला, दीड हजार माणसांना रोज माणशी ५५ लिटर धरले तर चार महिन्यांचं पिण्या-वापरण्याचं पाणी दहा हजार घनमीटरही भरत नाही. म्हणजे दीड हेक्टर कांद्याइतकं. सभेत हा आकडा ऐकल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

काय केलं

लगेच काहीच झालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या, आमची त्यातच. निवडणुकीआधी कांदा कमी करा म्हणायला कुणी उभं राहीना. निकाल लागल्यावर फेब्रुवारीत देवळाच्या ओसरीवर बैठक बसली.

पहिलं काम बोअरचं निघालं. दुपारी मोटार बंद असताना बोअरला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. बोअरचा पाइप वरच्या वीस फुटांपर्यंतच होता, माती-मुरूम ढासळू नये म्हणून घातलेला. मांजऱ्याचा थर उघडाच राहिला होता, आणि विहिरीला मिळायचं पाणी तिथून भोकावाटे खोल उतरत होतं. पाण्यासाठी घेतलेल्या बोअरनेच विहीर गळायला लागली होती. एप्रिलमध्ये आत आणखी एक पाइप साठ फुटांपर्यंत सोडून भोवतीची फट सिमेंटने भरून घेतली. आवाज थांबला. खोलचं पाणी मात्र थोडंच निघालं. आता ते रोज पंधरा-वीस मिनिटं चालतं.

दुसरं काम गायरानात. मांजऱ्याचा हाच थर चढावर वर येऊन गायरानात उघडा पडतो. पावसाचं पाणी आत शिरायची खरी वाट ती. आणि नेमका तिथून रस्त्यासाठी मुरूम उचलला जात होता. मुरूम पाणी धरून हळूहळू खाली सोडतो. तो खरवडला की पाऊस उघड्या दगडावरून धावतो. सभेने मुरूम उपसा थांबवायचा ठराव केला आणि रोजगार हमीतून उतारावर समतल चर खोदले. गायरानाच्या कडेला शेजारच्या वाडीच्या शेळ्या चरतात. चरांमुळे वाट अडली म्हणून वाडीवाले चिडले, मग मधे दोन ठिकाणी मोकळी जागा सोडली.

तिसरा करार उपशाचा, तो ठरायला पाच बैठका लागल्या. शेवटी ठरलं ते असं. ओढा वाहता आहे तोवर कुणी कितीही उपसा, शेततळी भरायची तर तेव्हाच भरा. ते पाणी तसंही ओढ्यातून जाणार. ओढा थांबला की अकरा विहिरींवर उन्हाळी कांदा नाही, ज्वारी-हरभरा चालेल, आणि मोटार दिवसाआड. रात्रीची लाइट असली तरी सार्वजनिक विहिरीला लागून असलेल्या तिघांनी मोटार लावायची नाही.

या तिघांवर अन्याय होत होता आणि ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. त्यातल्या एकाची अंजिराची बाग होती. चार महिने पाणी तोडलं तर झाडं जातील, कांद्यासारखं पुढच्या वर्षी बघू असं म्हणता येत नाही. तो भाऊ दोन बैठकांना आलाच नाही. अखेर वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरून ठिबकला पुरेल एवढं पाणी द्यायचं कबूल केलं, आणि पाइपाचा खर्च कराराने फायदा झालेल्या बाकीच्यांनी वर्गणीने केला. लेखी काही नाही, शब्दावर चाललं आहे. हे जमलं नसतं तर बाकीचा करारही मोडला असता असं मला वाटतं.

परिणाम

२०२२ च्या उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरीत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी होतं. तळाला गेली तेव्हा बोअरच्या पंधरा-वीस मिनिटांवर, घागरी मोजून वाटत, जूनपर्यंत निभावलं. टँकर लागला नाही. पहाटेच्या पायऱ्या रात्रीच्या लाइटच्या दिवसांतही दोन-अडीच चढू लागल्या. अकरापैकी दोघांनी पहिल्या वर्षी करार मोडून कांदा केला. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या एकाने सोडला.

२०२३ ला पाऊस पुन्हा रुसला. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्या वर्षी ओढा वाहिलाच नाही, थर अर्धामुर्धा भरला आणि एप्रिल २०२४ मध्ये टँकर आला. काही जण म्हणाले, मग एवढ्या भानगडीचा उपयोग काय? २०१९ ला टँकर फेब्रुवारीत लागला होता, हे मी सांगितलं. पण पाऊस न पडलेल्या वर्षाचं पाणी कुठल्याही कराराने तयार होत नाही, हेही खरं होतं आणि तेही कबूल केलं. अशा सालासाठी ओढा न वाहता उपसा कसा वाटायचा, ते आमच्या करारात नव्हतंच. कलम फक्त भरल्या वर्षाचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

बोअर घेण्याआधी जवळच्या विहिरीत उतरून थर बघायला एक सकाळ पुरली असती. ज्या दिवशी मशीन आलं त्या दिवशी पाइप पुरेसा खोल घाला एवढं सांगणारं कुणी नव्हतं. मशीनवाल्याला पाइपाच्या फुटांचे पैसे वाढतात म्हणून गावाने तो वाचवला. नंतर दुरुस्तीला त्याहून कितीतरी जास्त खर्च झाला.

मोजणी जूनमध्ये सुरू केली, पण विहिरीवर रोज जाणाऱ्या बायकांशी बोलायला डिसेंबर उजाडला. त्यांना लाइटचं आणि पायऱ्यांचं गणित काही वर्षांपासून दिसत होतं. पाण्याच्या बैठका रात्री देवळात होत आणि बायका तिथे नसत, हे मला तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं. पुढच्या कुठल्या गावात मी हेच आधी विचारीन: विहिरीत पहाटे पाणी किती चढतं, आणि ते रोज कोण बघतं?

भूमिहीन घरांचा विचारही उशिरा झाला. उन्हाळी कांदा गेला तशी कांदा काढणीची, भरणीची मजुरी गेली. चर खोदण्याच्या कामाने एक उन्हाळा भागला, पुढच्या वर्षी तेही नव्हतं. कराराच्या पाच बैठकांत जमीनवाल्यांच्या नुकसानीवर तासन्‌तास बोललो, मजुरीचा विषय एकदाही निघाला नाही.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ओढा वाहता असताना कितीही उपसा, ही सूट द्यायला मीच सुचवलं होतं. सांडून जाणारंच पाणी आहे, ते शेततळ्यात घेतलं तर कुणाचं काय जातं, असा माझा विचार होता. पहिल्या दोन वर्षांत शेततळी वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये ओढ्याच्या खालच्या अंगाचं गाव आमच्याकडे आलं. त्यांच्या बंधाऱ्यात ओढ्याचं पाणी पूर्वी संक्रांतीपर्यंत येत असे, आता दत्तजयंतीलाच थांबतं, असं ते म्हणाले. आमच्या थरातून सांडणारं पाणी त्यांच्या रब्बीचं पाणी होतं. त्यांच्या सरपंचांनी आमच्या पौर्णिमेच्या वहीची नक्कल मागितली, आम्ही दिली. गेल्या वर्षापासून त्यांच्या चार विहिरीही आम्ही त्याच दिवशी मोजतो. शेततळ्यांवर मर्यादा घालायची की नाही, यावर दोन्ही गावांची एकत्र बैठक अजून व्हायची आहे.